गोधडीचे कर्तृत्व

काव्य, नाटक, कादंबरी यांच्या परीक्षणासाठी राखून ठेवलेल्या पानांत गोधडीसारख्या वस्तूस जागा द्यावी, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. गोधडी ही पांघरावयाची वस्तू. तिची चर्चा फार तर थंडीच्या दिवसांत आणि घरच्या घरी व्हावी, असे म्हणणाऱ्यांशी आमचा फारसा वाद नाही. परंतु कलाकृतीचा कर्ता कोण, आणि अनेकींनी मिळून केलेल्या कृतीचे गुणदोष कोणत्या मापाने मोजावयाचे, हा प्रश्न साहित्यशास्त्राच्या अगदी घरचा आहे. आणि गोधडीच्या निमित्ताने तो जितका स्पष्टपणे समोर उभा राहतो, तितका एखाद्या महाकाव्याच्या निमित्ताने क्वचितच राहत असेल.

अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या स्त्रियांची एक जुनी हौस गेल्या काही दशकांत नव्या रूपाने रूढ झाली आहे. तिला तेथे 'क्विल्टिंग रिट्रीट' म्हणतात. रिट्रीट हा शब्द मूळचा धर्मजीवनातला. संसार चार दिवस दूर सारून चिंतनासाठी एकान्तात जाऊन राहावयाचे, असा त्याचा अर्थ. येथे एकान्त असा नसतोच. आठ-दहा, कधी वीस-पंचवीस मैत्रिणी आपापली शिवणयंत्रे, कापडांच्या घड्या आणि अर्धवट राहिलेली कामे मोटारींत भरून एखाद्या खेड्यातील पाहुणघरात किंवा सरोवराकाठच्या शिबिरगृहात गुरुवारी वा शुक्रवारी जाऊन उतरतात आणि रविवारी परततात. मधल्या काळात स्वयंपाक दुसऱ्या कोणी करावयाचा, मुलांनी व नवऱ्यांनी आपली सोय आपण पाहावयाची, आणि यांनी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत शिवत बसावयाचे. अपुऱ्या राहिलेल्या कामांस त्यांनी थट्टेने यू. एफ. ओ. असे नाव ठेवले आहे. आकाशात दिसणाऱ्या अज्ञात तबकड्यांचेही नाव तेच. आणि अशा कामांची संख्या ऐकली म्हणजे हे नाव अगदीच गैरलागू वाटत नाही. बाळाचे दुपटे, टेबलावरची पट्टी, पिशव्या, क्वचित पलंगभर गोधडीचा संपूर्ण वरचा थर, अशा वस्तू या तीन-चार दिवसांत हातावेगळ्या होतात.

या सोहळ्याविषयी लिहिणारी माणसे बहुधा मैत्रीवर लिहितात. शिवणावर लिहीत नाहीत. उलट संग्रहालयांच्या आश्रयाने लिहिणारे टीकाकार वस्तूवर लिहितात. तिच्याभोवती बसलेल्या स्त्रियांविषयी एखाद्या गोड वाक्यापलीकडे त्यांस काही सुचत नाही. ही दोन्ही परीक्षणे आम्हांस अर्धवट वाटतात. ती अर्धवट का, हे पाहावयाचे तर सोबतीने शिवताना नेमके कोणते काम सोबतीने होते, याचा तपशील आधी ध्यानात घेतला पाहिजे.

पाश्चात्य गोधडीस तीन थर असतात. वरचा थर कापडाचे लहान तुकडे भूमितीतील आकृत्यांप्रमाणे जोडून केलेला, मधला कापसाचा किंवा लोकरीचा, खालचा अस्तराचा. तुकडे जोडून वरचा थर सिद्ध करणे हे एक काम, आणि तिन्ही थरांतून आरपार टाके घालून ते एकजीव करणे हे दुसरे. आपल्याकडे हा भेद इतका उघड नसतो. जुनी लुगडी, धोतरे जमिनीवर अंथरून एकावर एक ठेवावयाची, धावदोरा घालीत जावयाचे आणि ठिगळे जागच्या जागी बसवीत जावयाचे, असा आपला प्रकार. उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया, ज्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून त्या रानांत गेले, आपली 'कवंदी' कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने फिरत मध्याकडे नेतात. आणि चारी कोपऱ्यांवर घडीच्या तुकड्यांची 'फुले' बसविल्यावाचून ती पुरी झाली असे मानीत नाहीत. तेथेही जोडणे आणि शिवणे ही एकच क्रिया असते. अमेरिकेत ती दोन झाली, आणि त्यामुळेच तेथे कर्तृत्वाचा प्रश्न उद्भवला.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन खेड्यांत पहिले काम बहुधा एकटीचे असे व दुसरे अनेकींचे. हिवाळाभर चुलीशेजारी बसून वरचा थर जोडावयाचा. मग तो कापूस व अस्तर यांसह लाकडी चौकटीवर ताणून शेजारणींस बोलावणे करावयाचे. चौकटीच्या चारी बाजूंस सहा-आठ जणी बसत व हातोहात काम उरकीत. या मेळाव्यास 'क्विल्टिंग बी' म्हणत. रंगांची निवड घरधनिणीची, पण टाका दुसरीच्या हातचा, अशी ही विभागणी होती. आणि परीक्षणास येथेच आरंभ होई. इंचात किती टाके बसले हे शेजारच्या बाईस मोजावे लागत नसे. डोळाच ते मोजी. पाहुण्या घरी गेल्यावर यजमानीण एखादीचे ढोबळ टाके दिव्याच्या उजेडात हळूच उसवून पुन्हा घालीत असे, अशा गोष्टी त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. या हळूच उसवण्याकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

जाता जाता एक रूढ समजूतही बाजूस सारली पाहिजे. गोधडी म्हणजे दारिद्र्यातून उगवलेली कला, चिंध्यांतून निर्माण केलेले सौंदर्य, असे भाबडेपणाने लिहिले जाते. अमेरिकेपुरते तरी हे इतिहासास धरून नाही. अठराव्या शतकाच्या अखेरच्या आणि एकोणिसाव्याच्या आरंभीच्या ज्या गोधड्या आज टिकून आहेत, त्यांतील पुष्कळशा खाऊनपिऊन सुखी घराण्यांतल्या आहेत, आणि त्यांचे कापड मुद्दाम विकत घेतलेले आहे. कित्येकींवर तर छापील चिटांतील फुले कातरून लावलेली दिसतात. इंग्रजीतील 'चिंट्झ' हा शब्द आपल्या चिटाचाच भाऊबंद. 'कॅलिको' हे तर सरळ कालिकतचे नाव. या हिंदी कापडाचा इंग्लंडात एवढा बोलबाला झाला की, 1721 साली छापील सुती कापडाच्या वापरावर तेथे कायद्याने बंदी घालावी लागली. पुढे गिरण्यांमुळे छापील कापड स्वस्त झाले, तेव्हा कोठे तुकड्यांची गोधडी अमेरिकेत घरोघर पोचली. चिंध्यांची गोधडी तेथेही होती. पण ती कलेची आई नव्हे, धाकटी बहीण होय.

आता रिट्रीटकडे पाहावे. येथे जुन्या मेळाव्याची मांडणी जवळजवळ उलटी झालेली आहे. प्रत्येकीपुढे तिचे स्वतःचे यंत्र आणि स्वतःचे काम असते. 1979 साली ओल्फा या जपानी कंपनीने कापड कापण्याचे फिरत्या पात्याचे हत्यार बाजारात आणले, तेव्हापासून कापडाचे चार-सहा थर एका दाबात सरळ कापता येऊ लागले; त्यावाचून तीन दिवसांत पलंगभर थर जोडून होणे कठीणच होते. म्हणजे जोडण्याचे जे काम पूर्वी एकटीने चुलीशेजारी होई, ते आता मैत्रिणींच्या सहवासात होते. आणि तिन्ही थर एकजीव करण्याचे काम? ते पुष्कळदा लांब बाहूचे मोठे यंत्र बाळगणाऱ्या एखाद्या तज्ज्ञ बाईकडे पोस्टाने जाते, आणि चौरस इंचाच्या दराने होऊन परत येते. पूर्वी सोबतीने होत असलेले काम आज अशा रीतीने एकटीचे, तेही अनोळखी एकटीचे, झाले आहे.

मग एकत्र असे काय उरले? शिवणघराच्या एका भिंतीवर फ्लॅनेलचे पांढरे कापड ताणून लावलेले असते. त्यावर सुती तुकडे टाचणीवाचून चिकटून राहतात. एखादी आपले वीस-तीस चौकोन त्यावर मांडते, दहा पावले मागे जाते, डोळे किंचित मिटून पाहते. तोवर बाकीच्यांची यंत्रे थांबलेली असतात. कोणी म्हणते, डाव्या कोपऱ्यातले तांबडे फार बोलते आहे; कोणी म्हणते, तो चौकोन नुसता फिरवून पाहा. चौकोन फिरविला जातो, आणि जी आकृती मघापर्यंत निपचित पडली होती ती एकाएकी चालू लागते. आमच्या मते रिट्रीटमधील खरा सहकार तो हा. हात आपापले असले तरी दृष्टी सगळ्यांची मिळून आहे. या बायका तेथे जे करतात त्यास आमच्या व्यवसायात टीका म्हणतात. आणि ती छापून आलेल्या टीकेहून एका गोष्टीत भाग्यवान असते, की कृती पुरी होण्यापूर्वीच ती कर्त्याच्या कानी पडते.

टाका वाचता येणे ही केवढी शक्ती आहे, हे दाखविणारी एक श्रेष्ठ कृती अमेरिकन वाङ्मयात आहे. सुसान ग्लास्पेल ही आयोवा प्रांतातील लेखिका तरुणपणी वृत्तपत्रात बातमीदार होती. 1900 साली घडलेल्या एका शेतकऱ्याच्या खुनाचा आणि त्याच्या बायकोवर चाललेल्या खटल्याचा वृत्तान्त तिने दिला होता. त्या आठवणीवरून तिने 1916 साली 'ट्रायफल्स' ही एकांकिका लिहिली, आणि पुढच्याच वर्षी तीच वस्तू 'अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स' या कथेत मांडली. नाटिकेच्या नावाचा अर्थ 'क्षुल्लक गोष्टी'. कथेच्या नावाचा अर्थ, तिच्या बरोबरीच्यांनी केलेला न्याय. शेतकऱ्याचा गळा दोराने आवळला गेला आहे. बायको तुरुंगात आहे. शेरीफ आणि सरकारी वकील घरभर पुरावा शोधीत हिंडत आहेत. त्यांच्याबरोबर आलेल्या दोघी स्त्रिया स्वयंपाकघरात मागे राहतात. शिवणाच्या टोपलीत त्यांस अर्धवट गोधडीचे चौकोन सापडतात: मध्ये लहानसा चौरस, भोवती ओंडक्यांसारख्या रचलेल्या पट्ट्या, म्हणजे 'लॉग कॅबिन' हा तेथील सुप्रसिद्ध नमुना. सगळे चौकोन नेटके आहेत. एकाचे मात्र टाके वेडेवाकडे धावले आहेत. तेवढ्यावरून त्या दोघींस कळते की, शिवता शिवता या बाईच्या मनात काहीतरी तुटले. जिन्यावरून उतरणारे पुरुष मात्र, गोधडी टाक्यांनी भरावयाची होती की नुसत्या गाठी मारून बांधावयाची होती, हा त्यांचा प्रश्न ऐकून हसतात.

यानंतरचे कृत्य फार महत्त्वाचे आहे. दोघींपैकी थोरली, मिसेस हेल, सुई घेऊन ते वाकडे टाके उसवू लागते आणि नीट घालू लागते. दुसरी भांबावून विचारते. ही सारवासारव करते. जुन्या मेळाव्यांतील यजमानीण जे हळूच करीत असे, तेच हे. परंतु येथे त्या उसवण्याने एक साक्ष नाहीशी होत आहे. टाका वाचणारी स्त्री ही एकाच वेळी उत्तम परीक्षक आणि पक्षपाती मैत्रीण आहे. तिने दोष ओळखला, आणि ओळखल्याबरोबर झाकला. ग्लास्पेलबाई यावर एका शब्दाचेही भाष्य करीत नाहीत. त्या काळी आयोवात स्त्रियांस ज्यूरीत बसण्याचा अधिकार नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे कथेच्या नावातील धार कळते. भवभूतीस जो समानधर्मा हवा होता, तो या शेतकरणीस लाभतो. पण उशिरा, आणि ती गजांआड गेल्यावर. वीस वर्षे शेजारी राहून आपण तिच्याकडे कधी फिरकलो नाही, ही मिसेस हेलची टोचणी सबंध कथेत राहून राहून वर येते. तिच्याबरोबर कोणी शिवावयास बसले असते तर, हे वाक्य लेखिका लिहीत नाही. वाचक ते आपल्यापाशी लिहितो.

याच्या शेजारी जेनिफर कियावेरिनी यांच्या 'एल्म क्रीक क्विल्ट्स' या लोकप्रिय कादंबरीमालेस ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. 'द क्विल्टर्स अप्रेंटिस' ही तिच्यातील पहिली कादंबरी 1999 साली निघाली. पेनसिल्व्हानियातील एका जुन्या वाड्याचे रूपांतर गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांच्या निवासशिबिरात होते, ही या मालेची भूमिका. म्हणजे रिट्रीट हाच तिचा विषय. 2001 च्या 'द क्रॉस-कंट्री क्विल्टर्स' मध्ये शिबिरात भेटलेल्या निरनिराळ्या वयांच्या पाच जणी एक करार करतात: एकच कापड वाटून घ्यावयाचे, पुढच्या वर्षी आपापला भाग शिवून आणावयाचा, परंतु आपल्या आयुष्यातील अडचण सोडविण्यास काही पाऊल टाकल्यावाचून सुईस हात लावावयाचा नाही. कल्पना सुरेख आहे. पाचही जणींविषयी जिव्हाळा वाटतो. शिवणाची माहिती अचूक आहे. आणि ज्या वाचकवर्गासाठी पुस्तक लिहिले आहे त्याची फसवणूक कोठेही नाही. तरीदेखील पुस्तक मिटल्यावर एक उणीव जाणवते. त्या पाच जणींपैकी कोणी कोणाचा टाका वाचीत नाही. अडचणी बोलून दाखविल्या जातात, म्हणून त्या कळतात. कापडातून काही कळत नाही. गोधडी येथे औषधाच्या बाटलीसारखी आहे: वेळेवर घेतली म्हणजे गुण येतो. ग्लास्पेलबाईंच्या कथेतील चौकोन काढून घेतला तर कथाच कोसळेल. या कादंबरीतील गोधडीच्या जागी बाग किंवा वाद्यवृंद घातला तरी पुष्कळसे प्रसंग तसेच उभे राहतील. मैत्रीची गोडी वर्णन करणे आणि मैत्रीला काय दिसते ते दाखविणे, यांतील अंतर एवढे आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे संग्रहालयांकडे वळू. 1971 साली न्यूयॉर्क येथील व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमविलेल्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले. पांढऱ्या भिंतींवर, चित्रांप्रमाणे, त्या टांगल्या होत्या. आणि त्यांच्याकडे केवळ रंगाकृती म्हणून पाहावे अशी योजकांची इच्छा होती. या प्रदर्शनाचे ऋण नाकारता येणार नाही. पलंगावर दुमडून पडलेली वस्तू उभी केली म्हणजे तिची रचना प्रथमच दिसते. आपल्या मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी जी त्रयी सांगितली, ती पडताळून पाहावयास याहून सोयीचे क्षेत्र मिळणे कठीण. पण पॅट्रिशिया मेनार्डी यांनी 1973 साली आक्षेप घेतला तो या स्तुतीमागील वृत्तीवर: गोधड्यांची थोरवी पुढील काळातल्या पुरुष चित्रकारांच्या मापाने का ठरवावी, आणि त्या करणाऱ्या स्त्रियांस निनावी का ठेवावे? त्याच वर्षी अ‍ॅलिस वॉकर यांची 'एव्हरीडे यूज' ही कथा प्रसिद्ध झाली. शिकून मोठी झालेली लेक आजीच्या गोधड्या भिंतीवर टांगण्यासाठी मागते; घरी राहिलेली भाजलेल्या अंगाची धाकटी त्या पांघरून झिजवील म्हणून तिला राग येतो; आई त्या धाकटीच्या मांडीवर टाकते. या कथेचा अर्थ 'वापर श्रेष्ठ, प्रदर्शन कनिष्ठ' असा सरसकट केला जातो. आम्हांस दुसरी एक गोष्ट निर्णायक वाटते: धाकटीस गोधडी शिवता येते; ती तिला आजीने आणि मावशीने शिकविली आहे. झिजलेली गोधडी ती पुन्हा करू शकेल. थोरलीस मात्र ती फक्त पाहता येते.

पुढे 2002 साली अलाबामातील जीज बेंड या वस्तीच्या गोधड्या प्रथम ह्यूस्टनला व मग व्हिटनीमध्ये आल्या, तेव्हा निदान नावांची चूक सुधारली होती. नदीच्या वळणात अडकलेली ही कृष्णवर्णीयांची वस्ती. 1962 साली तेथील लोक मताधिकारासाठी नोंदणी करू लागले तेव्हा पलीकडे नेणारी नावच बंद करण्यात आली, आणि ती पुन्हा सुरू झाली 2006 साली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे टीकाकार मायकेल किमेलमन यांनी या गोधड्या पाहून मातीस आणि क्ले यांची आठवण काढली. अ‍ॅनी मे यंग यांची 1976 ची गोधडी पाहिली म्हणजे ही अतिशयोक्ती क्षम्य वाटते. शेतावर झिजलेल्या निळ्या कपड्यांचे रुंद, विटके पट्टे चारी बाजूंस, आणि मधोमध तापलेल्या रंगांच्या उभ्या पट्ट्या. ज्या विरोधलयीसाठी चित्रकार वर्षानुवर्षे झगडतो, ती येथे जुन्या तुमानींच्या गुडघ्यांतून सहज निघाली आहे.

परंतु या वस्तीतही वरचा थर प्रत्येकीने आपल्या घरी एकटीने जोडावयाचा, आणि भरावयास मात्र एकत्र बसावयाचे, अशीच वहिवाट होती. भिंतीवरील पाटीवर नाव आले ते जोडणारीचे. भरणाऱ्या हातांचे काय, हे पाटी सांगत नाही. नावाचा हा प्रश्न केवळ मानाचा नाही, पैशाचाही आहे; 2007 साली त्यांपैकी काही स्त्रिया आपल्या हक्कांसाठी न्यायालयात गेल्या, आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली.

या वस्तीच्या इतिहासातील आणखी एक प्रकरण आमच्या विषयास फार जवळचे आहे. 1966 साली त्या परिसरात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही स्त्रियांची सहकारी संस्था निघाली. 1972 पासून सीअर्स या मोठ्या दुकानदारीसाठी तिच्यात कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवले जाऊ लागले. प्रत्येक अभ्रा दुसऱ्यासारखा हुबेहूब हवा. शिवणाऱ्या जणी अनेक, जागा एक, आणि तरी एकीने दुसरीच्या कामाविषयी बोलावे असे त्यात काही उरलेच नव्हते. बोलावयाचे ते मालाची तपासणी करणाऱ्याने. पण उरलेल्या कॉर्डरॉयच्या कातरणी घरोघर गेल्या, आणि त्यांतून जीज बेंडच्या काही अत्यंत मोकळ्या, धीट गोधड्या जन्मास आल्या. एके ठिकाणी जमून काम केले की सामुदायिक कला होते, असे मानणाऱ्यांनी या दोन वस्तू शेजारी ठेवून पाहाव्यात.

कर्त्याचे नाव हवेच, आणि एकच हवे, हा हट्ट कोठवर जातो याचे उदाहरण बाल्टिमोर शहराच्या 'आल्बम' गोधड्यांत सापडते. 1840 नंतरच्या दहा-बारा वर्षांत तेथे अशी रीत होती की, स्नेह्यासोबत्यांतील निरनिराळ्या स्त्रियांनी एकेक चौकोन करून त्यावर पक्क्या शाईने सही करावयाची, आणि ते सर्व जोडून एखाद्या नववधूस किंवा धर्मोपदेशकास भेट द्यावयाचे. गोधडीवर वीस-वीस सह्या धडधडीत दिसत असता, त्यांतील उत्कृष्ट चौकोन मेरी एव्हन्स नावाच्या एकाच स्त्रीचे असावेत, असा तर्क विसाव्या शतकात प्रतिष्ठा पावला, आणि बाजारात त्या नावास भाव आला. पुढील संशोधकांनी त्यावर शंका घेतल्या आहेत. पण तर्काचा खरेखोटेपणा घटकाभर बाजूस ठेवला तरी, सह्या वाचता येणाऱ्या विद्वानांस त्या सह्यांच्या मागे एक 'खरी' कलावती का लागावी, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या जात्यावरच्या ओवीस असा छळ सोसावा लागला नाही. खुंट्यास दोन हात लागलेले असत; एकीने उचललेली ओवी दुसरी पुरी करी; साने गुरुजींनी त्या 'स्त्रीजीवन'मध्ये एकत्र केल्या तेव्हा कर्त्रीचा शोध घेत बसले नाहीत. अर्थात आपल्याकडे दुसरीच चूक झाली. ओवी सर्वांची म्हटल्यावर तिच्यात बरी-वाईट निवडण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत, आणि सगळ्याच ओव्यांस सारखेच हळवे डोळे लावून मोकळे झालो.

रिट्रीटमधील स्त्रियांची भीती आम्हांस वाटते ती हीच. रविवारी सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येकीने आपले काम सर्वांपुढे उभे धरावयाचे, आणि सर्वांनी वाहवा करावयाची, असा तेथे प्रघात आहे. वाहवा करण्यास आमची हरकत नाही. तीन दिवस मान मोडून बसलेल्या माणसास ती मिळालीच पाहिजे. पण जेथे रविवारची वाहवा शनिवारच्या रात्रीच उतरते, तेथे फ्लॅनेलच्या भिंतीचे कामच संपले. त्यात आणखी एक सोय येऊन मिळाली आहे. एकाच रचनाकाराने एकमेकांशी जुळतील असे आखलेले तीस-चाळीस छापील नमुने, नेमक्या मापाच्या पट्ट्या कापून, गुंडाळी करून दुकानांत विकावयास असतात. बरोबर नकाशाही मिळतो. त्यातून होणारी गोधडी कधी बिघडत नाही. तिच्यात संवाद आहे, समतोल आहे. विरोध मात्र कारखान्यातच वगळलेला असतो. अशा कामापुढे उभ्या राहिलेल्या मैत्रिणीने बोलावयाचे तरी काय? तांबडे फार बोलते असे म्हणावे, तर तांबडे निवडले दुसऱ्याच कोणी. दोष देण्यास जागा नाही म्हणून स्तुतीलाही अर्थ नाही.

याउलट 'राउंड रॉबिन' नावाचा जो खेळ या मंडळ्यांत चालतो, त्यात पुष्कळ आशा आहे. एकीने मधला चौकोन करून दुसरीस द्यावयाचा. तिने त्याभोवती एक पट्टी जोडून तिसरीस द्यावयाचा. असे फिरत फिरत तो मूळ मालकिणीकडे परत येतो. मध्यंतरी तो पाहण्याची तिला बहुधा मनाईच असते. येथे नुसते मत देऊन भागत नाही. मागच्या सगळ्यांस काय म्हणावयाचे होते ते ओळखून आपले म्हणणे जोडावे लागते, आणि चूक केली तर ती पुढचीच्या गळ्यात पडते. अशा गोधड्या पुष्कळदा फसतात. दुसरीने हिरवे घातलेले तिसरीस रुचत नाही, चौथी दोघींची समजूत काढू पाहते, आणि बाहेरच्या कडेस सगळेच दमल्यासारखे दिसते. पण ज्या साधतात त्या एकीच्या कल्पनेतून कधी निघाल्या नसत्या. आणि ज्या फसतात त्यांतही, कोठे फसले यावर बोट ठेवता येते. नकाशाबरहुकूम केलेल्या गोधडीत ते ठेवता येत नाही.

काम पुरे झाले म्हणजे गोधडीच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, कापडाची लहानशी पट्टी शिवून तिच्यावर नाव, गाव आणि वर्ष लिहावे, असा सल्ला तेथे नवशिक्या बाईस हटकून दिला जातो. प्रदर्शनांतून आता जोडणारीचे आणि भरणारीचे अशी दोन नावे देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी पडली आहे. 1971 च्या मानाने ही प्रगती लहान नाही. तो चौकोन नुसता फिरवून पाहा, असे जिने सांगितले, तिचे नाव त्या पट्टीवर अजून कोणी लिहीत नाही. बोटभर पट्टीवर ते मावणारही नाही, हे खरे. पण गोधडीची पाठ पलंगाएवढी लांबरुंद असते, आणि बहुधा ती कोरीच असते.